चाळीसच्या वेगावरची मिसिंग

इनोके मास्टरांची निळी पिकअप पाचव्यांदा गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा अप्पलसामी एका उसाच्या लॉरीखाली पाठीवर पडलेला होता. लॉरीच्या चाकांमधून त्याला पिकअपचे पुढचे दोन टायर दिसले. त्यानं ते ओळखले, डोळे मिटले आणि मनात म्हणाला, आज नको रे देवा. आज तरी नको.

गाळप ऐन भरात होतं. कारखान्याच्या धुराड्यातून पडणारी काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर, गॅरेजच्या पत्र्यावर, चहाच्या कपात, सगळीकडे बसत होती. बेटावरच्या त्या लंबासा गावातल्या प्रत्येक लॉरीवाल्याला आपली लॉरी कालच दुरुस्त होऊन हवी होती. अप्पलसामीला नुकतंच चौसष्टावं लागलं होतं. लॉरीखालून बाहेर यायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग चाक धरायचं, मग गुडघ्यांची समजूत काढायची आणि उरलेलं शरीर ओढून आणायचं, असा रोजचा कार्यक्रम होऊन बसला होता. दोन्ही मुलं ब्रिस्बेनला. हाताखालचा शेवटचा माणूस रघुबीर, दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात फळं तोडायला म्हणून गेला तो गेलाच. आता पाना मागायचा तर स्वतःकडेच मागायचा आणि स्वतःच उठून आणून द्यायचा.

"बुला, तवाले!" इनोके मास्टर वाकून लॉरीखाली बघत म्हणाले. "आहेस ना जिवंत?"

"आहे अजून. पण तुमची गाडी मला घालवणार."

बुला म्हणजे नमस्कार, तवाले म्हणजे मेव्हणा. दोघांचं नातं ना रक्ताचं ना लग्नाचं, जातही वेगळी आणि बोलीही वेगळी. पण तीस वर्षं एकमेकांची थट्टा केल्यावर मेव्हणा म्हणायला आणखी काय लागतं? इनोके सत्तरीचे, शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. लुंगीसारखा गुंडाळलेला इस्त्रीचा काळा सुलू कमरेला, पांढरा सदरा, पायात चपला, आणि बोलणं असं की समोरच्यानं पाटीवर उतरवून घ्यावं.

"परत?" अप्पलसामीनं बाहेर येत विचारलं.

"परत. परवा तांबिआ गावाच्या पुढे. फट्. मग बरी. मग फट्, फट्फट्. जसं काही कोणी पाठीत बुक्की मारतंय. मग आपली आपणच बरी."

"चढावर?"

"नाही. सपाटीला."

"गरम झाल्यावर?"

"गरम होतीच. वीस मिनिटं चालली होती."

अप्पलसामीनं हात पुसले. गेल्या चार महिन्यांत या गाडीचे चारही प्लग बदलून झाले होते. प्लगांच्या वायरी बदलल्या. कॉइल बदलली. डिस्ट्रिब्युटरचं झाकण, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, सगळं नवं घातलं. कार्ब्युरेटर दोनदा खोलून धुतला, पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज काढला. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजात घड्याळासारखी चालायची, प्रत्येक वेळी मास्टर खूश होऊन जायचे, आणि दहा-पंधरा दिवसांत पुन्हा दारात. गाडी त्र्याऐंशी सालची होती हे खरं. पण जुन्या गाड्यांवरच अप्पलसामीचं आयुष्य गेलं होतं. नव्या गाड्यांना संगणक जोडावा लागतो, जुन्या गाड्या कान लावला की बोलतात, असं तो स्वतःच लोकांना ऐकवत आला होता. आता ही बोलायलाच तयार नव्हती.

त्यानं ठिणगी वेळेवर पडते का ते दाखवणारा टायमिंगचा दिवा लावून बघितलं. बरोबर. गाडीत बसून तो कारखान्याच्या फाटकापर्यंत गेला, तिथून टेकडीवर. लॉरी अर्धी खोललेली पडली होती, मालक दुपारी येणार होता, म्हणून त्यानं पाय दाबून गाडी हाणली. टेकडी चढली, उतरली, वळली, परत आली. एकदाही अडखळली नाही.

मास्टर बाकावर वाट बघत होते. "काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. लोण्यासारखी चालते."

"मग ती मिसिंग, ते फट् फट्?"

"मास्टर," अप्पलसामी म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच आपला आवाज चढलेला ऐकू आला, "पाच वेळा बघितली. गाडीत काही नाही. असलंच काही तर तुमच्या कानात आहे. वय होतं माणसाचं. ऐकू येऊ नये ते ऐकू यायला लागतं."

 मास्टरांनी किल्ली घेतली. जाताना एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलं, अप्पल. उत्तर येत नाही म्हणून गणितच चुकीचं आहे, असं मी कुणाला म्हणू दिलं नाही."

"मग दुसरीकडे दाखवा," अप्पलसामी लॉरीकडे वळत म्हणाला. "मोठी गॅरेजं आहेत गावात. संगणकवाली."

पिकअप गेली. लॉरीखाली पुन्हा शिरताना अप्पलसामीला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण वाईट वाटायलाही अंगात जोर लागतो, आणि तो त्याच्याकडे नव्हता.

पुढचा आठवडा मास्टर आले नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारी दुपारी मुनियम्मा बाजारातून आली. पिशवी टेकवून तिनं आधी पंखा लावला, मग नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः समोर बसली. ती समोर बसली की काहीतरी आहे हे अप्पलसामीला पस्तीस वर्षांच्या अनुभवानं कळत होतं.

"मास्टर आज बसनं आले," ती म्हणाली.

"कोण मास्टर?"

"कोण मास्टर म्हणे! तुमचे मेव्हणे. बायकोला हाताला धरून उतरवत होते. त्या बसचा ड्रायव्हर म्हणजे काय, खड्डा दिसला की त्याला आनंद होतो. बाई उतरली ती तिथंच खांबाला धरून ओकली. मी पाणी द्यायला गेले तर मास्टर म्हणाले, पाणी नको, तिला मोजून पाणी आहे."

अप्पलसामीचा घास हातात राहिला. "मोजून?"

"मूत्रपिंड गेलीत तिची दोन्ही. इथे यंत्रावर येते, रक्त धुवायला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. चौदा महिने झाले. हाताची शीर बघा तिच्या, दोरखंडासारखी फुगलीये सुया टोचून टोचून." मुनियम्मानं त्याच्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला कोण सांगणार? ते येतात, गाडीचं बोलतात, जातात."

"आणि तुम्ही? तुम्ही काय बोलता?"

तो काय बोलला होता ते अप्पलसामीनं बायकोला सांगितलं नाही. त्यानं ताट बाजूला सारलं. त्याला आता एकेक गोष्ट जुळायला लागली. मास्टर नेहमी सकाळीच यायचे. तीन-चार तास बसायचे, घड्याळ बघायचे. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही.

बुधवारी सकाळी तो लॉरीवाल्याला "येतो" म्हणून सांगून निघाला, ते तेलकट कपड्यांतच. रुग्णांना यंत्रावर घेतात त्या इमारतीच्या बाहेर पत्र्याची सावली होती, तिथे इनोके मास्टर प्लास्टिकच्या खुर्चीवर पेपर घडी करून मांडीवर ठेवून बसले होते. वाचत नव्हते.

अप्पलसामी शेजारी बसला. 

"माझ्या कानाची विचारपूस करायला आलास?" मास्टरांनी विचारलं.

"माझी जीभ कापून द्यायला आलोय. हवी तर घ्या."

"काय करू घेऊन? तिखट असेल." मास्टर थोडं हसले, आणि त्यांचा चेहरा लगेच पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"गाडी कुठे आहे?"

"घरी. बसनंच येतो आता. दोन शुक्रवारांपूर्वी तांबिआच्या पुढे इतकी फटफटली की हिला धक्क्यांनी उलट्या झाल्या. म्हटलं, बस तरी बंद पडणार नाही. तर बसमध्येही तेच."

"जाताना की येताना?"

"काय?"

"गाडी मिस मारते ती इकडे येताना की घरी जाताना?"

मास्टरांनी क्षणभर विचार केला. "जाताना. येताना कधीच नाही."

"कधीच नाही?"

"नाही. येताना सातला पोचायचं असतं, उशीर झाला तर तिची पाळी दुसऱ्याला जाते. येताना मी दामटतो. जाताना काय, जाताना ती अशी..." त्यांनी हाताचा तळवा उलटा करून सैल सोडला. "जरा जोरात नेली की तिचं डोकं फिरतं. चाळीसनं नेतो. चाळीसच्या वर नाही."

अप्पलसामी त्यांच्याकडे बघत राहिला. चार महिने तो विचारत होता, चढ की उतार, गरम की गार, सकाळ की दुपार. आणि आपण गाडी तपासायला नेली की कशी नेतो? घाई असलेल्या माणसासारखी. गेल्या कित्येक वर्षांत आपण कुठलीही गाडी चाळीसनं चालवलेली नाही, हे त्याला त्या खुर्चीवर बसून पहिल्यांदा जाणवलं.

"शुक्रवारी गाडी आणा," तो म्हणाला. "मी तुमच्याबरोबर घरापर्यंत येतो."

"आणि परत?"

"चारची बस आहे. मला काय, मी ओकत नाही."

शुक्रवारी साडेअकराला तो हत्यारांची पिशवी घेऊन तिथे उभा होता. मास्टरांची बायको वासिती बाहेर आली ती एका हातानं दाराची चौकट धरून. उंच बाई, पण कपडे तिच्यावर टांगल्यासारखे दिसत होते. दंडाला पांढरी पट्टी, काखेत टॉवेल आणि आइस्क्रीमचा रिकामा डबा. मास्टरांनी तिला खिडकीजवळ बसवलं. अप्पलसामी मधे बसला, गिअरचा दांडा दोन गुडघ्यांमध्ये घेऊन.

"हा तो तुमचा तवाले?" वासितीनं डोळे मिटूनच विचारलं.

"हाच."

"मग मी तुझी बहीण लागते, भाऊ. बहिणीनं ओकलं तर राग धरू नकोस."

"खुशाल ओका, ताई," अप्पलसामी म्हणाला. "कपडे तसेही धुवायचेच आहेत."

तिचे ओठ जरा हलले. मास्टरांनी गाडी काढली.

गावाबाहेर उसाच्या लॉऱ्यांची रांग लागली होती. ती संपल्यावर रस्ता मोकळा झाला. मास्टरांचा काटा चाळीसला टेकला आणि तिथेच राहिला. मागून आलेली प्रत्येक गाडी भोंगा वाजवत पुढे जात होती. एका टॅक्सीवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "आजोबा, ढकलू का?" मास्टरांनी हात वर करून त्याला आशीर्वाद दिला. अप्पलसामीला मात्र पाय शिवशिवल्यासारखे होत होते. डोळ्यांपुढे गॅरेजातली लॉरी, तिचा मालक, त्याच्या शिव्या येत होत्या. दहा मिनिटं गेली, पंधरा. मग हळूहळू त्याची पाठ मागे टेकली. इतक्या सावकाश तो या रस्त्यानं कधी गेलाच नव्हता. झोप यायला लागली.

तांबिआ मागे पडलं आणि दोन किलोमीटरवर ती मिसिंग आली. फट्.

अप्पलसामी ताठ झाला.

फट्. फट्फट्. गाडीला पाठीतून बुक्की बसल्यासारखा धक्का बसला. वासितीनं न बोलता डबा हनुवटीखाली धरला.

"ऐकलंस?" मास्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात दुखणं खरं ठरल्याचा आनंद होता. "माझा कान?"

"तुमचा कान सोन्याचा. जरा पाय दाबा."

मास्टरांनी पाय दाबला. गाडी साठवर गेली, अगदी साफ. सोडा, अप्पलसामी म्हणाला. चाळीसवर आली, फट्.

"बाजूला घ्या."

रस्त्याच्या कडेला पर्जन्यवृक्षाची रुंद सावली होती. अप्पलसामीनं बॉनेट उघडलं आणि नुसता बघत उभा राहिला. ॲक्सिलरेटरवर पाय हलका असला की इंजिन एका बारक्या रबरी नळीतून हवा ओढतं आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली चकती जराशी फिरवतं. पाय दाबला की ती ओढ संपते, चकती जागेवर येते. हे त्याला विशीत शिकवलेलं होतं. आणि टायमिंग तपासताना तीच नळी काढून ठेवायची रीत आहे. म्हणजे गॅरेजात नळी काढलेली, रस्त्यावर पाय दाबलेला. ती चकती फिरल्यावर काय होतं, हे पाचांपैकी एकदाही त्यानं बघितलेलं नव्हतं.

त्यानं नळी उपटली, तिच्या इंजिनाकडच्या तोंडात एक स्क्रू खुपसला आणि मास्टरांना म्हणाला, "थोडं पुढे जाऊन परत या. चाळीसनं."

पिकअप वासितीला घेऊन गेली, वळून आली. मास्टरांनी खिडकीतून अंगठा आणि पहिलं बोट जुळवून शून्य दाखवलं. एकदाही नाही.

मग त्यानं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि नळीचं दुसरं तोंड ओठात धरून जोरात ओढलं. आतली चकती सरकली. सोडलं, मागे आली. पुन्हा ओढलं. वासिती दार उघडून पाय बाहेर सोडून बसली होती. तिनं हे बघितलं.

"भाऊ, तू तिला दूध पाजतोयस की तिचं पितोयस?"

अप्पलसामीला हसू आलं आणि नळी तोंडातून सुटली. पण नजर आत खिळली होती. चकती फिरली की पॉइंटला जाणारी एक छोटीशी वायर ताणली जात होती, बोटभर लांबीची, लाल. त्यानं चिमट्यानं ती धरून हलकीच ओढली. वरचं लाल आवरण च्युइंगमसारखं लांबलं. आतली तार तुटलेली होती. दोन टोकं एकमेकांना टेकून होती, म्हणून गाडी चालत होती. पाय हलका झाला, वायर ताणली, की टोकं सुटत होती.

त्यानं वायर काढून तळहातावर घेतली. मग तो तसाच गाडीच्या मडगार्डला टेकला.

"सापडलं?" मास्टरांनी विचारलं.

"सापडलं." त्यानं हात पुढे केला. "ही वायर गाडीची नाही, मास्टर. या जागेला मऊ वायर लागते, बारीक बारीक केसांसारख्या तारांची, सारखी वाकत राहिली तरी चालेल अशी. ही घरातल्या दिव्याची आहे. एकच जाड तार. चौदा महिन्यांपूर्वी तुम्ही गाडी आणली होती, आठवतं? म्हणालात, आता रोजचं लांब जाणं आहे, सगळी नीट करून दे."

"आठवतं."

"तेव्हा इथली जुनी वायर जळालेली होती. माझ्याकडे मऊ वायर नव्हती. दुकानापर्यंत जायचा कंटाळा केला. घरातला दिवा बसवून उरलेला तुकडा होता, तो लावला. म्हटलं, पुढच्या वेळी बदलू. मग विसरलो." त्यानं वायर बोटांत फिरवली. "त्यानंतर पॉइंट बदलताना दर वेळी हिचं टोक मीच सोडवलं आणि मीच बसवलं. हात लावला, बघितलं नाही. हे माझं काम आहे, मास्टर. तुमच्या गाडीचं काही नाही."

मास्टर वायरीकडे बघत राहिले. रस्त्यावरून एक लॉरी गेली, तिच्यातून उसाची दोन कांडी पडली.

"म्हणजे," वासिती दारातून म्हणाली, "चार महिने मी यांना म्हणतेय की तुम्हाला गाडी चालवता येत नाही, ते उगाच?"

"ते उगाच नव्हतं," मास्टर म्हणाले. मग अप्पलसामीकडे वळले. "मार्क किती देऊ तुला?"

"शून्य द्या."

"चूक स्वतः शोधून काढली की मी निम्मे द्यायचो." पण ते हसले नाहीत. त्यांनी बायकोच्या मांडीवरच्या डब्याकडे बघितलं, आणि अप्पलसामीला कळलं की उरलेले निम्मे त्यांना कधीच देता येणार नाहीत. ते म्हणाले, "पलीकडे घर दिसतंय. हात धुवायला पाणी घेऊन येतो."

मऊ वायर हवी होती. अप्पलसामीनं डॅशबोर्डखाली हात घालून रेडिओच्या एका स्पीकरची वायर कापली. तिच्यात केसांसारख्या तारा होत्या. तो तिची टोकं सोलायला बसला.

"भाऊ," वासिती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "एक सांगू? ही फट् करायची ना, मला बरं वाटायचं."

तो थांबला.

"वाटायचं, एक दिवस ही पुरती बंद पडेल. रस्त्यात नाही, घरी. अंगणात. मग कुणाचा दोष नाही. मी नको म्हटलं असं नाही, त्यांनी नेलं नाही असंही नाही. गाडीच मेली." तिनं टॉवेलनं तोंड पुसलं. "मग यांनी बस काढली. मी म्हटलं, घ्या."

"मास्टरांना सांगितलंत?"

"चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला सांगायचं, मला कंटाळा आला? तो म्हणणार, पुन्हा एकदा प्रयत्न करून बघ."

अप्पलसामीच्या हातात वायरीची दोन टोकं होती. त्याला वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं, देवाचं नाव घ्यावं, हिंमत द्यावी. पण बाईच्या तोंडावर जो थकवा होता त्याच्यापुढे तसलं बोलणं म्हणजे लॉरीखाली पडलेल्या माणसाला वरून उपदेश करण्यासारखं झालं असतं.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "मी ही जोडणार. जोडल्याशिवाय तुम्ही घरी कशा जाल? पण गाडी चालते म्हणून तुम्ही चाललंच पाहिजे, असं नाही. ते तुम्ही मास्टरांना सांगा. तुमच्या तोंडानं. गाडीवर नका ढकलू."

"सोपं आहे होय?"

"नाही."

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. मास्टर पाण्याची बाटली घेऊन येताना दिसले. अप्पलसामीनं वायर बसवली, नळी लावली, झाकण घातलं.

उरलेला रस्ता चाळीसनं गेला. सेआंगांगा गाव आलं, गेलं. इंजिन एका सुरात चालत होतं. वासिती झोपली होती. तिचं डोकं हळूहळू कलत अप्पलसामीच्या खांद्यावर आलं, आणि त्यानं तेलकट खांदा तसाच, न हलवता, घरापर्यंत धरून ठेवला.

घरी मास्टरांनी त्याला लिंबाच्या पानांचा चहा आणि उकडलेला कसाव्याचा कंद दिला. चारच्या बसनं तो परतला. मुनियम्मानं विचारलं, "सापडलं?" तो म्हणाला, "सापडलं. माझंच होतं." मग त्यानं तिला सगळं सांगितलं, वायरीचंही आणि मास्टरांना काय बोललो होतो तेही. फक्त झाडाखाली वासिती काय म्हणाली ते सांगितलं नाही.

पुढच्या सोमवारपासून मुनियम्मा त्या इमारतीत जाऊन वासितीपाशी बसू लागली. खायला काय न्यावं हा प्रश्नच होता. डाळ चालत नाही, टोमॅटो चालत नाही, केळं चालत नाही. शेवटी ती नुसतं विणकाम घेऊन जायची. गाळप संपलं. पाऊस येऊन गेला. पिकअप बिनतक्रार चालत होती.

मार्चमधल्या एका मंगळवारी इनोके मास्टर गॅरेजात आले. मंगळवार त्यांचा नव्हता. अप्पलसामीनं पाना खाली ठेवला.

"गाडी?"

"गाडी ठीक आहे." मास्टर बाकावर बसले. "वासिती आता येणार नाही यंत्रावर. शुक्रवारी तिनं सांगितलं." त्यांनी गाडीची किल्ली बाकावर ठेवली. "म्हणाली, तू तिला सांगितलं होतंस, स्वतःच्या तोंडानं सांग म्हणून."

"सांगितलं होतं."

"चार दिवस मी तुझ्यावर रागावलेला होतो, अप्पल. शनिवारी चर्चमध्ये मीटिंग होती, तिथेही रागावून बसलो. वाटलं, जाऊन त्याला विचारावं, माझ्या घरात बोलणारा तू कोण."

"विचारा."

मास्टरांनी विचारलं नाही. "आज दमलोय," ते म्हणाले.

अप्पलसामी त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मुनियम्मानं आतून चहा आणून दिला आणि ती उभीच राहिली. मास्टर म्हणाले, तिला माहेरी जायचंय, नांबौवालूच्या बाजूला, समुद्रावर. शनिवारी नेतोय. तिथेच राहू.

"लांब आहे," मुनियम्मा म्हणाली.

"चाळीसनं गेलं तर तीन तास."

अप्पलसामी उठला. "बॉनेट उघडा. तेलपाणी बघतो."

"अरे, तिला काही झालेलं नाही."

"ठाऊक आहे," तो म्हणाला, आणि तेलाचा डबा घेऊन बाहेर गेला.

शनिवारी ती दोघं गेली. वासिती त्यानंतर अकरा दिवस जगली. निरोप आल्यावर अप्पलसामीनं गॅरेजला कुलूप लावलं, मुनियम्मानं मयताच्या घरी द्यायची चटई आणि कापड बांधून घेतलं, आणि दोघं सकाळच्या बसनं नांबौवालूला निघाली. बस खच्चून भरली होती. अप्पलसामीला खिडकी मिळाली, आणि तांबिआ यायच्या आधीच त्याला झोप लागली.